दोन फॉर्म, एक पेशंट

सोमवार, ५ मे

अकरा वर्षं दवाखाना चालवला आणि आज, एक्केचाळिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा नोकरीला गेले. गळ्यात स्टेथोस्कोपऐवजी ओळखपत्राची दोरी. त्यावरच्या फोटोत मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. नवरा म्हणाला, "निदान खरा चेहरा आलाय." त्याला चहा दिला नाही.

आमचा औषध सुरक्षा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. कंपनीचं औषध घेऊन कुणाला काही त्रास झाला, की डॉक्टर किंवा औषधाच्या दुकानातले लोक आम्हाला फॉर्म पाठवतात. फॉर्मवर पेशंटचं नाव नसतं. आद्याक्षरं, वय, स्त्री की पुरुष, कुठला भाग, काय झालं, एवढंच. तो वाचून मी ठरवायचं की हे औषधामुळे झालं का. चार पर्याय आहेत: नक्की, बहुधा, कदाचित, नाही. त्यातल्या एकावर खूण करायची आणि पुढचा फॉर्म घ्यायचा.

बाबांना हे समजावून सांगितलं. ते स्वतः चाळीस वर्षं डॉक्टर होते, दवाखाना त्यांचाच, मी तो बंद केला म्हणून महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पेशंट न बघता निदान." मी म्हटलं, हो, आणि पाच वाजता सुट्टी.

खरं कारण त्यांना माहीत आहे. मागच्या वर्षी छातीत जळजळतंय म्हणून आलेल्या माणसाला मी पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं आणि तो संध्याकाळी गेला. त्याची बायको पुढे महिनाभर दवाखान्यासमोरच्या बाकावर येऊन बसायची. बोलायची नाही, रडायची नाही, नुसती बसायची. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. याविषयी वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पहिल्याच दिवशी लिहून बसले.

शुक्रवार, ९ मे

काम जमतंय. आज बावीस फॉर्म उडवले. मळमळ, पुरळ, चक्कर, पुन्हा मळमळ. एका माणसाने कळवलंय की आमच्या खोकल्याच्या औषधाने त्याचं बायकोशी भांडण झालं. मी "नाही" वर खूण केली.

विभागप्रमुखांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात. आवाज इतका मऊ की ते रागावले तरी आभार मानावेसे वाटतील. मला म्हणाले, "डॉक्टर, दवाखान्यात एक पेशंट एकदा बघता. इथे बसून हजारो बघता." ऐकून बरं वाटलं. बाबांना सांगितलं नाही.

माझ्या शेजारी नोंदणीवाली बसते. सव्वीसची असेल, आलेला प्रत्येक फॉर्म संगणकात भरते, आणि शंका काढायची तिला भारी हौस. मॅडम, इथे तारीख का नाही. मॅडम, हे अक्षर काय. कामाची आहे पोरगी, पण दिवसभर कानाशी भुणभुण.

शुक्रवार, १६ मे

आज खऱ्या अर्थाने डोकं चाललं, म्हणून नीट लिहून ठेवते.

सांधेदुखीवरची आमची नवी गोळी आठ महिन्यांपूर्वी बाजारात आली. खप जोरात आहे, खालचे विक्रीवाले हवेत चालतात. या गोळीनंतर यकृत बिघडून कावीळ झाल्याचा एक फॉर्म मी येण्याआधीच आला होता. विभागाचा नियम असा की अशा गंभीर तीन केस झाल्या की विषय थेट सुरक्षा समितीपुढे जातो, गोळी थांबवायची का यावर चर्चा होते आणि सरकारी औषध खात्याला पंधरा दिवसांत कळवावं लागतं. एक किंवा दोन असतील तर नुसतं लक्ष ठेवायचं.

आज सकाळी एकदम दोन आले. पहिला एका मोठ्या हॉस्पिटलमधून: स. भ., स्त्री, ६२, गोळी तीन महिने, कावीळ, दाखल केलं, गोळी बंद केल्यावर सुधारणा. दुसरा एका औषध दुकानातल्या बाईंकडून: स. भ., स्त्री, ६३, गोळी तीन महिने, डोळे पिवळे, दाखल केलंय. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहिलेलं नाही. दोन्ही त्याच भागातून, त्याच आठवड्यात. संगणकाने स्वतःच पिवळी पट्टी दाखवली: ही एकाच पेशंटची दुहेरी नोंद असू शकते, तपासा.

हे नेहमी होतं म्हणे. डॉक्टरही कळवतो, दुकानदारही कळवतो आणि एका बाईच्या दोन बाया होतात. मग आकडे फुगतात, उगाच घबराट. मी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून ओळीओळीने पाहिले. वयात एका वर्षाचा फरक, तो काय, साठीनंतर माणसं अंदाजानेच वय सांगतात. नोंदणीवाली म्हणाली, "मॅडम, वजन बघा ना. एकीकडे एकाहत्तर, एकीकडे अठ्ठेचाळीस." मी म्हटलं, "अगं, दुकानातला वजनकाटा आहे तो, त्यावर हत्तीसुद्धा अठ्ठेचाळीस भरेल." हसली. मी "एकत्र करा" दाबलं. म्हणजे एकूण केस दोन.

मोठे डॉक्टर मुद्दाम माझ्या टेबलापाशी आले. "दुहेरी नोंद ओळखणं हीच या कामातली कला," म्हणाले. "नवी माणसं इथेच फसतात. पुढच्या महिन्यात वीस तारखेला या गोळीच्या नव्या, जास्त ताकदीच्या प्रकाराची बैठक आहे. उगाच तिसरी केस म्हणून गोंधळ झाला असता." मी घरी गाणं म्हणत आले. नवऱ्याने विचारलं, पगार वाढला का. याला दुसरं काही सुचत नाही.

सोमवार, २६ मे

दुकानवाल्या बाईंचा फोन आला. फॉर्मवर आमचा नंबर असतो, तो त्यांनी फिरवला आणि नोंदणीवालीने माझ्या गळ्यात घातला.

म्हणाल्या, "डॉक्टर, मी फॉर्म पाठवला होता, कावीळवाल्या बाईंचा. त्या परवा वारल्या. म्हटलं तुम्हाला कळवावं."

मी आमची नोंद उघडली. तिथे स्वच्छ लिहिलंय, सुधारणा. हॉस्पिटलच्या डॉक्टरने लिहिलंय. मी विचारलं, मृत्यूचा दाखला आहे का तुमच्याकडे? तर म्हणे माझ्याकडे कुठला असणार. मी शांतपणे सांगितलं, "हे बघा, आमच्याकडे त्यांची हॉस्पिटलची नोंद आहे. त्या बऱ्या होत आहेत."

पलीकडे गल्ला बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बऱ्या होत आहेत?"

"हो. तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल. होतं असं."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. बिचारीला दिलासा मिळाला असावा.

कागद नाही तर नोंद नाही, असं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलंय. तरी फाइलमध्ये शेरा टाकला: "मृत्यूची तोंडी माहिती, खात्री झाली नाही." म्हणजे उद्या कुणी विचारलं तर माझे हात स्वच्छ.

बाबांना जेवताना सांगितलं, गंमत म्हणून. ते जेवायचे थांबले. "तिला विचारलंस का, तुला कसं कळलं?" मी म्हटलं, बाबा, हा दवाखाना नाही. ते म्हणाले, "ते दिसतंच आहे."

मंगळवार, ३ जून

त्याच बाईंचा परत फोन. या वेळी आवाजात जरा धार होती. दुकानातून ही गोळी महिन्याला तेरा जणांना जाते. "त्या बाई गेल्याच आहेत, डॉक्टर. मी देऊ की थांबवू, एवढंच सांगा. माझं मन घेत नाहीये."

आता बाजारातली गोळी थांबवा असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? त्यासाठी समिती आहे. दोन केसवर गोळी थांबत नसते. सांगितलं, "घाबरू नका. तुमच्या भागातून एकच केस आहे आणि ती सुधारतेय. ज्यांना डॉक्टरने लिहून दिलीय त्यांना द्या."

"तुमचं नाव सांगता का? वहीत लिहून ठेवते."

नाव सांगितलं. मला वाटलं तक्रार करणार माझी. कर म्हटलं, माझं काय चुकलंय. पण दुपारी कामात लक्ष लागेना, दोनदा एकच फॉर्म वाचला. असल्या लोकांना घरी उद्योग नसतात.

मंगळवार, १० जून

हॉस्पिटलच्या डॉक्टरचं पत्र आलं, पुढची माहिती म्हणून. स. भ., वय ६२. सहा जूनला तपासणीसाठी स्वतः चालत आल्या. कावीळ उतरली, भूक चांगली, वजन एकाहत्तरवरून एकोणसत्तर, आणि वॉर्डातल्या चहाबद्दल त्यांनी लेखी तक्रार केली आहे. डॉक्टर विनोदी दिसतो.

जीव भांड्यात पडला. म्हणजे दुकानवाल्या बाई सपशेल चूक. मेलेली म्हणून कळवलेली बाई चहावरून भांडतेय. नोंदणीवालीला पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, बघ, म्हणून मी सांगत होते. तिने पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, "मॅडम, एकाहत्तर."

मी म्हटलं, मग?

"हॉस्पिटलच्या काट्यावर एकाहत्तर. म्हणजे त्या एकाहत्तरच्याच. मग अठ्ठेचाळीसच्या कोण?"

मी तिला म्हटलं, काम कर.

मग मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत येऊन दुकानाचा मूळ फॉर्म काढला. संगणकातला नाही, हाताने लिहिलेला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मी सोळा मेला वाचलीच नव्हती, कारण त्या ओळीला आमच्याकडे रकाना नाही. लिहिलं होतं: "पित्ताशय पूर्वीच काढलेलं." हॉस्पिटलच्या फॉर्ममध्ये सोनोग्राफीचा निकाल आहे: पित्ताशय नॉर्मल.

काढलेलं पित्ताशय परत उगवत नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं.

दोन बायका आहेत. एक बरी झाली, एक मेली. मी त्यांची एक केली आणि मेलेली पुसून टाकली. आणि जी फोन करून सांगत होती तिला मी सांगितलं की त्या बऱ्या होत आहेत.

आज जेवले नाही. नवऱ्याने विचारलं काय झालं, म्हटलं डोकं दुखतंय. ते खरंच दुखत होतं.

गुरुवार, १२ जून

काल हिंमत झाली नाही. आज सकाळी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही फॉर्म, पत्र, सगळं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, माझी चूक झाली, केस तीन आहेत, त्यातली एक मृत्यूची.

मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चहा मागवला. "डॉक्टर, चूक सगळ्यांची होते. तुम्ही ती स्वतः पकडली, याला मोठेपणा लागतो." इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, लाज वाटली. मग म्हणाले, "उद्या दोन्ही नोंदी वेगळ्या करा. नवी केस म्हणून भरा. 'कंपनीला प्रथम कळल्याची तारीख' या रकान्यात उद्याची टाका, तेरा जून. शेवटी दुसरी बाई वेगळी आहे हे आपल्याला आत्ताच कळलं, नाही का?"

मी म्हटलं, फॉर्म सोळा मेला आला होता. मृत्यू सव्वीस मेला फोनवर कळला.

"तोंडी. खात्री न झालेला. तुम्हीच तसा शेरा लिहिलाय." हे म्हणताना आवाज तितकाच मऊ. "सोळा मे टाकलीत तर पंधरा दिवसांची मुदत केव्हाच उलटली. मग प्रश्न येतो, कुणी दाबून ठेवलं. फाइलवर नाव तुमचं आहे, डॉक्टर. मला तुमची काळजी वाटते. तेरा टाकली तर मुदत अठ्ठावीसपर्यंत. वीसची बैठक शांतपणे पार पडू दे, मग आपण व्यवस्थित कळवू. आठ दिवसांनी काय होणार आहे?"

विचार केला तर त्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे. दुसरी बाई वेगळी असल्याचं ज्ञान खरोखरच आता झालं. आणि कळवणार तर आहोतच. माझी कायम होण्याची तारीख एक ऑगस्ट आहे, दवाखान्याची जागा भाड्याने दिलेली आहे, परत जायला काही उरलेलं नाही. ते माझ्याशी किती चांगले वागले, दुसऱ्या कुणी मला दारात उभं केलं नसतं.

शुक्रवार, १३ जून

नोंदी वेगळ्या केल्या. रकान्यात तेरा जून टाकली. जतन केलं, पाठवलं नाही. नोंदणीवाली शेजारीच होती. तिने तारीख पाहिली आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

चार वाजता फोन वाजला. दुकानवाल्या बाईंचाच नंबर. मी उचलला नाही. परत वाजला. तिसऱ्यांदा उचलला.

"डॉक्टर, तीन तारखेला तुम्ही म्हणालात घाबरू नका, गोळी देत राहा. मी दिली. आता समोरच्या मावशींचे डोळे मला बरे दिसत नाहीत. त्या म्हणतात उन्हामुळे. तुम्ही येऊन बघाल का? इथल्या डॉक्टरांकडे त्या जायला तयार नाहीत, आणि मी काही डॉक्टर नाही."

मी म्हटलं, मी पेशंट बघत नाही.

"मग कोण बघतं?" रागाने नाही, खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं.

पत्ता लिहून घेतला.

शनिवार, १४ जून

बसने दोन तास. बाबांना सांगितलं कुठे जातेय ते. त्यांनी कपाटातून माझा स्टेथोस्कोप काढून दिला. मी म्हटलं कावीळ बघायला हा कशाला. "राहू दे," म्हणाले. सोबत दवाखान्यातली टॉर्चही दिली. सेल नवे घातलेले होते, कधी घातले कोण जाणे.

दुकान म्हणजे एका अरुंद रस्त्यावरची खोली, वर एक मजला. दुकानवाल्या बाई माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीला. मी मनात भांडखोर म्हातारी रंगवली होती. मला बघून म्हणाल्या, "तुम्ही आलात." मग आत स्टूल दिलं आणि पाणी दिलं.

मी आधी तेच बोलले. बसमध्ये पाठ केलं होतं. "तुमच्या पेशंट वारल्या होत्या. तुम्ही खरं सांगत होतात. माझ्याकडून दोन बायकांची एक नोंद झाली."

त्यांनी वर बोट केलं. "त्या वरच राहायच्या. एकट्या. रोज सकाळी खाली येऊन पेपर वाचायच्या, याच स्टुलावर. एप्रिलनंतर जिना उतरेनात, म्हणून गोळ्या मीच वर नेऊन द्यायचे. पैशांची जुळवाजुळव करून जवळच्या लहान हॉस्पिटलात मीच नेलं. शेवटी मीच होते." मग म्हणाल्या, "तुम्ही फोनवर म्हणालात बऱ्या होत आहेत, तेव्हा मला वाटलं मलाच वेड लागलंय. मी जिना चढून वर जाऊन बघून आले. खोली रिकामीच होती."

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. माफ करा म्हणाले. त्या म्हणाल्या, "मावशींना बघा आधी."

समोर शिवणाचं दुकान. मावशी पंचावन्नच्या, मशीनवर, तोंडात टाचणी. टाचणी काढून म्हणाल्या, "ही बाई उगाच घाबरते. गुडघे किती छान झालेत माझे, जिना चढते मी आता." मी त्यांना उजेडात आणलं आणि खालची पापणी ओढली. टॉर्चची गरजच नव्हती. पोटावर हात ठेवला, उजव्या बाजूला दाबलं तशा कळवळल्या. हाताला खाजवून खाजवून ओरखडे. लघवीचा रंग विचारला. "चहासारखी, गेले दहा दिवस. उन्हाचं ना?"

दहा दिवस. मी "देत राहा" म्हटल्याला आज अकरा दिवस झाले.

"गोळी आजपासून बंद," मी म्हटलं. "आणि आत्ता, याच साडीवर, हॉस्पिटलात चलायचं. मी येते बरोबर."

मावशी माझ्याकडे बघत बसल्या. मग दुकानवाल्या बाईंकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. "या गोळीने होतं असं? तुम्ही त्या कंपनीच्या ना?"

"हो."

"मग तुम्हाला कधी कळलं हे?"

साधा प्रश्न. रकान्यातही हेच विचारलेलं असतं, जवळपास त्याच शब्दांत. रकान्यात तेरा जून लिहून ठेवलेली होती. पण त्यांचा हात माझ्या हातात होता, नाडी बघायला धरलेला, आणि ते पिवळे डोळे माझ्यापासून वीतभर अंतरावर.

"सोळा मेला," मी म्हटलं. "महिना होत आला."

त्यांनी हात सोडवून घेतला. मशीनवरचं अर्धवट कापड घडी करून बाजूला ठेवलं, त्याला चिठ्ठी टाचली, गिऱ्हाइकाचं माप चुकू नये म्हणून. मग म्हणाल्या, "चला."

दाखल करून निघाले तेव्हा पाच वाजले होते. दुकानवाल्या बाईंनी उरलेल्या बारा जणांचे पत्ते आणि नंबर काढले आणि माझ्यासमोर बसून एकेकाला फोन केले. सातजण बोलले, पाच उचलेनात. त्या म्हणाल्या, उद्या घरी जाते त्यांच्या.

रविवार, १५ जून

बाबांना सगळं सांगितलं. सोळा मेपासून, वजनासकट, तेरा जूनसकट. मला वाटलं होतं म्हणतील, मी म्हटलं होतं ना. नाही म्हणाले. विचारलं, "लिव्हरचे आकडे किती आले?" सांगितले. त्यांनी मान हलवली, ती चांगल्या अर्थाने नव्हती. मग म्हणाले, "नोकरी जाईल."

हो म्हटलं.

"जाऊ दे," असं ते म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली थोडा वेळ. ते म्हणाले, "भीती वाटतेय का?" मी म्हटलं, खूप. नवरा आला, त्याने आम्हा दोघांना चहा दिला आणि काही न विचारता आत गेला.

सोमवार, १६ जून

आठ वाजता ऑफिसात पोहोचले. मोठे डॉक्टर नऊला येतात.

आधी चौथा फॉर्म भरला. स्त्री, ५५, शिवणकाम. "कळवणाऱ्याचे नाव" इथे माझं नाव आलं. "परिणाम" या रकान्यात "अजून माहीत नाही". सकाळी हॉस्पिटलात फोन केला होता, आकडे कालच्यापेक्षा वर आहेत, मावशी झोपेत आहेत आणि हाका मारल्या की उशिरा ओ देतात. याचा अर्थ मला कळतो, यकृताचा त्रास आता मेंदूपर्यंत पोहोचतोय. दुकानवाल्या बाई तिथेच बसून आहेत.

मग दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंची नोंद उघडली. स. भ., ६३, अठ्ठेचाळीस किलो, पित्ताशय काढलेलं, मृत्यू. नोंदणीवाली तेवढ्यात आली, पर्ससुद्धा न ठेवता माझ्या मागे उभी राहिली. मी तेरा जून खोडून सोळा मे टाकली. संगणकाचा पडदा लाल झाला: मुदत उलटली आहे, विलंबाचं कारण लिहा, अन्यथा पाठवता येणार नाही.

खाली तयार कारणांची यादी येते. माहिती अपुरी. तांत्रिक अडचण. कळवणाऱ्याशी संपर्क झाला नाही. शेवटी "इतर" आणि एक रिकामी चौकट. नोंदणीवाली हळूच म्हणाली, "मॅडम, तांत्रिक अडचण टाकतात सगळे." मी "इतर" निवडलं.

जिन्यावर मोठ्या डॉक्टरांचा आवाज येत होता, कुणाला तरी सुप्रभात म्हणत होते. चौकटीत मी लिहिलं, "पेशंट वारल्याचं दुकानदार बाईंनी मला दोनदा फोन करून कळवलं. मी ऐकलं नाही." खाली नाव लिहिलं आणि सरकारी खात्याकडे पाठवलं.